कातारीनाचं उरलेलं आयुष्य

दार्सैत, मस्कत
४ ऑक्टोबर २०१३

प्रिय मामा,

तुमच्या कानाला फोनचा उपयोग नाही आणि मशीन लावायला तुम्ही तयार नाही, तेव्हा पुन्हा हा कागद. मी बरा आहे. ऊन अजून ओसरलेलं नाही, पण संध्याकाळी दार्सैतच्या रस्त्यावर लोक पायी फिरायला लागलेत.

एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. आमच्या कंपनीचा सल्लागार एक म्हातारा इंग्रज आहे. फौजेतून निवृत्त झालेला, सगळे त्याला कर्नल म्हणतात. त्याने इथे एक मंडळ काढलंय. वीस-बावीस माणसं, बहुतेक गोरे. दर शनिवारी अल हैलला त्याच्या बंगल्यावर जमायचं, जुन्या काळचे कपडे शिवायचे, लाकडी तलवारी आणि ढाली करायच्या, आणि थंडीत डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून दोन दिवस त्या काळातल्यासारखं राहायचं. मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढणारा माणूस. मला ढालींची ड्रॉइंग काढायला बोलावलं आणि मी तिथेच रमलो.

मंडळाचा नियम असा की प्रत्येकाने आपला एक 'पर्सोना' तयार करायचा. म्हणजे सन सोळाशेच्या आधी जगू शकला असता असा एक साधा माणूस. नाव, गाव, धंदा, आईबाप, सगळं ठरवायचं आणि तंबूत तसंच वागायचं. नावाजलेला खरा माणूस घ्यायचा नाही. गोऱ्यांचं झालं, आम्हा चार हिंदी माणसांचं अडलंय. जो तो राजपूत नाहीतर मोगल व्हायला बघतो. कर्नल म्हणतो, त्या काळी या बंदरात खरोखर कोण उतरलं असतं ते सांगा. मी म्हटलं, माझ्या मामांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय.

चौघं अशी: एक मी. दुसरे आमच्या ऑफिसातले जयप्रकाश, वय पन्नास, कालिकतचे. तिसऱ्या डॉक्टर शहनाज, हैदराबादच्या. आणि चौथी एक बाई, चाळिशीच्या आतली, वसईकडची म्हणा. तुम्ही मराठीत लिहा, इंग्रजी मी करून देतो.

तुमचा डॅरेल


गास, वसई
२६ ऑक्टोबर २०१३

चि. डॅरेल,

पत्र पोचलं. ऱ्हस्व-दीर्घाची तुझी बोंब अजून तशीच आहे.

पर्सोना म्हणजे आपल्याकडे ज्याला सोंग म्हणतात ते. पिकल्या केसांच्या माणसांनी शनिवारी सोंगं आणावीत हे मला हास्यास्पद वाटतं. पण तुझा कर्नल 'खरोखर कोण उतरलं असतं' असं विचारतो, म्हणजे अगदीच मूर्ख नसावा. निवृत्तीनंतर बारा वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

जयप्रकाशना मिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या गलबताचा तांडेल कर. डॉक्टरीणबाईंना हकिमाची मुलगी. दोघांचे तपशील वेगळ्या कागदावर आहेत. तू दुभाषी हो. फिरंगी कप्तान आणि बंदरावरचे लोक यांच्यामध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगणारा. तुला तलवार शोभणार नाही.

चौथी वसईकडची असेल तर तिला राणी-बिणी करू नकोस. तिचं नाव कातारीना. जन्म १५६० च्या आसपास, वसईच्या कोटाच्या आत. बाप पाथरवट. कोटातल्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा तू पाहिल्या आहेस, तसल्या शिळा कोरणारा. पुढे १५८६ च्या सुमारास फिरंग्यांनी मस्कतच्या बंदरावर किल्ले बांधायला घेतले. वसईचे पाथरवट तिथे गेले असा कागद मी पाहिलेला नाही. पण जहाजं जात होती आणि दगड घडवणारे हात लागत होते, तेव्हा अशक्य म्हणता येणार नाही. बायको वारलेली, म्हणून बापाने पोरीला बरोबर नेलं. हे पुरे होईल.

बाई कोण ते लिहिलं नाहीस. असो.

तुझी मामी गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. या घरचं पोर म्हणून आता तू एकटाच, तेव्हा लिहीत जा.

ॲलॉयसियस


दार्सैत
२४ नोव्हेंबर २०१३

प्रिय मामा,

तुमच्या कागदांनी इथे धमाल उडवली. कर्नलने मला खुर्ची दिली आणि सगळं दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, या माणसाला इथे घेऊन या. मी म्हटलं, ते गासच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत.

जयप्रकाश खूष आहेत, डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या जुन्या बरण्या आणून ठेवल्यात. पण सगळ्यात जास्त नवल त्या चौथ्या बाईंचं. कागद हातात घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी विचारायला सांगितलंय की कातारीनाला वाचता यायचं का? बाप तिच्याशी कसा बोलायचा? रागीट होता का? एवढ्या बारीक चौकशा बाकी कोणी केल्या नाहीत. जमेल तेवढं लिहा. घाई नाही.

तब्येतीची काळजी घ्या. विहिरीकडच्या पायरीवर शेवाळ असेल, जपून.

तुमचा डॅरेल


गास
१८ डिसेंबर २०१३

चि. डॅरेल,

सोबत आठ पानं आहेत. दोन लिहायला बसलो होतो.

त्या बाईंना सांग, कातारीनाला वाचता येत होतं. त्या काळी पाथरवटाच्या पोरीला कोण शिकवणार? पण बाप शिळांवर नावं कोरायचा, म्हणून त्याला अक्षर ठाऊक होतं. तो कोरून उठला की पोर त्या खाचेत बोट घालून अक्षर गिरवायची. उन्हाने दगड तापलेला असायचा. बोट भाजायचं, तरी ती काढायची नाही. मग बाप खाली बसून फुंकर घालायचा. मेलेल्यांच्या नावांवरून ती वाचायला शिकली. बाप रागीट होता. पण जहाजावर ती तापाने फणफणली तेव्हा त्याने आपल्या वाटणीचं पाणी चार दिवस तिला दिलं, आणि हे तिला कधी सांगितलं नाही.

आता तुला एक लिहितो, ते तुझ्यापाशीच ठेव. हे लिहिताना मला सारखी मेलनी आठवत होती. दहा वर्षं झाली, या घरात ते नाव निघालेलं नाही. त्या जुनैदचा हात धरून ती गेली तेव्हा मी म्हणालो होतो, माझी मुलगी मेली. माझा शब्द मी पाळला. तिची आई गेली तेव्हाही तिला कळवलं नाही. मामी शेवटचे तीन दिवस दाराकडे बघत होती. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

तू तिच्याच शहरात राहतोस. कधी दिसली का, हे मी तुला विचारलं नाही आणि तूही बोलला नाहीस. पत्ता मिळाला तर पाठव. मी लिहीन असं म्हणत नाही. जवळ असावा एवढंच.

नाताळच्या मिस्साला जाशील ना? माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव.

ॲलॉयसियस


दार्सैत
११ जानेवारी २०१४

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला मला दोन आठवडे लागले. तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत. आईच्या मागे मला कोणी विचारत नव्हतं तेव्हा तुम्ही घरात घेतलंत. तुमच्यापासून काही लपवणं मला शोभत नाही.

ती चौथी बाई म्हणजे मेलनी. पहिल्या दिवसापासून. तिनेच मला सांगितलं होतं की पप्पांकडून माझ्यासाठी लिहून घे, पण माझं नाव कळू देऊ नकोस. मी भिडेखातर हो म्हणालो. चूक झाली. तुम्ही इतक्या जिव्हाळ्याने ती पानं लिहिलीत आणि ती कोणाच्या हातात पडतायत हे तुम्हाला माहीत नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

आता विचारलंत म्हणून जे आहे ते सांगतो. ती अल हैलला राहते, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. जुनैदचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. कागदोपत्री तिचं नाव आता मरियम आहे. मुलगी नऊ वर्षांची, तस्नीम. तिला 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना येत नाही, मराठीही धड येत नाही. परवा मंडळात कोणीतरी मेलनीला वडिलांबद्दल विचारलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, माझे वडील वारले. मी बाजूलाच उभा होतो.

फोटो सोबत आहे. डोकं कसं झाकलंय ते तुम्हीच बघा.

तुम्हाला त्रास व्हावा म्हणून हे लिहीत नाही. पण पत्ता पाठवण्याआधी तुम्हाला माहीत असावं असं वाटलं. तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमचा डॅरेल


गास
१ फेब्रुवारी २०१४

डॅरेल,

पत्ता नको. फोटो फाडला.

त्या बाईच्या सोंगाचं आयुष्य अर्धंच लिहिलं गेलं होतं. उरलेलं देतो. तिला पोचव.

मस्कतच्या बंदरात कातारीनाने एका मूर, म्हणजे मुसलमान, व्यापाऱ्याचं घर धरलं. बाप तेव्हा बुरुजावर काम करत होता. त्याने तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी एक शिळा घेतली, तिच्यावर मुलीचं नाव कोरलं आणि खाली मृत्यूचं वर्ष घातलं. पाद्र्याला सांगितलं की पोर तापाने गेली. मिस्सा झाला. बाप पहिल्या बाकावर बसला होता.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. रोज तटाखालून पाण्याला जायची. बाप वर दगड फोडत असायचा. ती खालून हाक मारायची. लोक त्याला म्हणायचे, ती बघ. तो म्हणायचा, कोण? मेलेलं माणूस हाक मारत नाही.

तिला एक मुलगी झाली. त्या मुलीला कुठलंच अक्षर आलं नाही, आजोबाचं नाही आणि बापाचंही नाही.

कातारीना १५९८ साली मेली. तिला शिळा मिळाली नाही, कारण तिच्या नावाची शिळा आधीच वापरून झाली होती.

आता पुरं झालं. यापुढे त्या मंडळाचं काही मला लिहू नकोस.

ॲ.


दार्सैत
२ मार्च २०१४

प्रिय मामा,

लिहू नकोस म्हणालात, तरी एवढं कळवायला हवं. तुमचा कागद पोचला.

गेल्या शुक्रवारी-शनिवारी अल अमेरातच्या पलीकडे डोंगराखाली आमचा तळ पडला होता. मंडळाची रीत अशी आहे की कोणाच्या पर्सोनात नवी भर पडली की ती सगळ्यांसमोर वाचतात. ऊन उतरल्यावर सगळे गोल बसले. ज्याचं वाचायचं त्याने मध्ये उभं राहायचं. मेलनी उभी राहिली. तुमच्याकडून आणखी काही आलंय एवढंच तिला ठाऊक होतं. ती हसत होती. मुलीला तिने पुढे बसवलं होतं, आणि जुनैद प्रथमच बघायला आला होता.

कागद वाचला गेला. शिळेपर्यंत आल्यावर लोकांना वाटलं, काय छान लिहिलंय. कोणीतरी वा म्हणालं. मेलनीचा चेहरा उतरला तेव्हा जयप्रकाशनी हात वर करून थांबायला सांगितलं. पण तीच म्हणाली, पुढे. मग शेवटपर्यंत झालं. तिने हात बाजूला सोडले होते आणि ती जमिनीकडे बघत नव्हती. संपल्यावर टाळ्या पडल्या. गोऱ्यांना काय कळणार, त्यांना ते नाटकच वाटलं. जुनैद उठून गाडीकडे गेला. मेलनीने मंडळाच्या रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला, मुलीचा हात धरला आणि तीही गेली. तंबूत तिचं सामान तसंच राहिलं.

ती आता शनिवारी येत नाही. कर्नल विचारत होता.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतो, मी तुमच्या बाजूचा आहे.

तुमचा डॅरेल


गास
६ एप्रिल २०१४

चि. डॅरेल,

तुझं पत्र आल्याला महिना होत आला. उत्तर लिहायला घेतलं की हात थांबतो.

मी म्हटलं होतं, तिला पोचव. तिच्या हातात पडावं, तिने एकटीने वाचावं, असं माझ्या मनात होतं. बावीस माणसांसमोर, आणि त्या पोरीसमोर? हे मी सांगितलं नव्हतं. वाचलं त्या कर्नलनेच असणार, पण त्याला मराठी येत नाही. मग ते त्याच्यापर्यंत गेलं कसं?

दुसरी गोष्ट. तो कागद टाकून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो होतो. परत मागायला. पोस्टातली पोरगी म्हणाली, अंकल, पिशवी कालच गेली. मी परत आलो. शेजारच्या यूनुसला सांगून तुला फोन करवता आला असता. केला नाही. तो हट्ट माझाच, त्यात तुझा दोष नाही.

गेल्या मंगळवारी न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड तडकलंय. कॉटवर पडून लिहितोय, अक्षर त्यामुळे असं. चर्चमधल्या बायका पाळीपाळीने डबा आणतात.

तिचा पत्ता पाठव. मागे नको म्हणालो होतो. आता पाठव.

ॲलॉयसियस


दार्सैत
२४ एप्रिल २०१४

प्रिय मामा,

पडल्याचं वाचून जीव खाली-वर झाला. मी असतो तर असं झालं नसतं.

पत्ता माझ्याकडे नाही. त्यांनी घर बदललं असं ऐकतो, दवाखान्यातली नोकरीही तिने सोडली. माझा फोन ती घेत नाही. खरं सांगू का मामा, आता तिला एकटं सोडलेलं बरं. तुमच्यावर तिचा राग आहे, तो तुमच्या पत्राने जाणार नाही, उलट वाढेल. कागद कर्नलपर्यंत कसा गेला म्हणून विचारलंत. मंडळात सगळे कागद त्याच्याकडेच जमा होतात.

मी ठरवलंय. जूनअखेर नोकरी सोडून कायमचा गासला येतो. खलास, पुरे झालं हे वाळवंट. तुमचं खाणंपिणं, औषधपाणी, सगळं मी बघीन. तुम्हाला कोणाच्या डब्याची वाट बघावी लागणार नाही. आपण दोघं राहू.

तुमचा डॅरेल


गास
१२ मे २०१४

मेलनी,

हे पत्र त्या इंग्रजाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवतोय. डॅरेलने मागे पाठवलेल्या मंडळाच्या छापील कागदावर तो नंबर आहे. पाकिटावर तुझं नाव इंग्रजीत घातलंय, तेव्हा तो तुला देईल असं वाटतं.

डॅरेल म्हणतो तुझा पत्ता त्याला माहीत नाही. मी शिक्षक होतो, पोर केव्हा खोटं बोलतंय ते मला कळतं, फक्त या पोराच्या बाबतीत मी कधी तपासलं नाही. त्याचं जानेवारीतलं पत्र सोबत जोडलंय. त्यात तुझ्याबद्दल लिहिलंय ते खरं की खोटं, एवढं कळव.

तो कागद मी लिहिला. रागाने लिहिला. राग का आला ते तुला त्याच्या पत्रावरून कळेल.

माझं हाड मोडलंय, त्याचं विशेष काही नाही.

तुझी आई २००९ साली १४ ऑगस्टला गेली. तुला कळवायला हवं होतं.

पप्पा


अल हैल
९ जून २०१४

पप्पा,

कर्नलने तुमचं पाकीट स्वतः आणून दिलं. आम्ही घर बदललेलं नाही. त्याच घरात आहोत जिथे डॅरेल दर शुक्रवारी जेवायला यायचा, गेली सहा वर्षं. आईचं मला त्याच्याकडूनच कळलं होतं, तेही ती गेल्यावर चार महिन्यांनी. तेव्हा तो म्हणाला, मामांनी शपथ घातली होती.

तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देते.

निकाहाच्या कागदावर माझं नाव मरियम आहे. घरी आणि दवाखान्यात मी मेलनीच आहे. नोकरी सोडलेली नाही. दर नाताळला मी रुवीच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. डॅरेल माझ्या शेजारी बसतो. गेल्या नाताळला त्याने तुमच्या नावाची मेणबत्ती लावली तेव्हा काडी मी ओढली होती.

माझे वडील वारले असं मी म्हणाले, ते खरं आहे. आम्ही सोंगं घेऊन बसलो होतो आणि एका बाईने कातारीनाला विचारलं, तुझा बाप कुठे असतो? मी म्हणाले, तो गेला, पण मला वाचायला शिकवून गेला. डॅरेलने दुसरं अर्धं लिहिलं नाही.

फोटोत डोकं झाकलंय, कारण त्या काळच्या बायका झाकायच्या. त्या फोटोत आम्ही सहाजणी होतो, डॉक्टर शहनाज आणि चार गोऱ्या बायका, सगळ्यांनी डोक्याला कापड बांधलेलं. तुमच्याकडे आला तो कापलेला तुकडा असणार.

तुमची आठ पानं मी पाठ केली होती. एप्रिलमध्ये पास्काच्या सणाला, ईस्टरला, मी आणि तस्नीम गासला येणार होतो. तिकिटं नाताळच्या आठवड्यातच काढली होती आणि डॅरेलला दाखवली होती. तोपर्यंत पप्पांना काही सांगू नकोस, असं त्याला म्हणाले होते. त्याने तुम्हाला ते पत्र त्यानंतर लिहिलं. तारीख मी पाहिली.

आता तळावरचं. त्याने तुम्हाला लिहिलं असेल की कागद वाचला गेला. वाचणारा डॅरेल होता. इंग्रजी त्याने घरून टाईप करून आणलं होतं, चार प्रती. एक कर्नलला, एक डॉक्टरीणबाईंना, अशा वाटल्या. इंग्रजी चांगलं होतं. त्याने एक शब्दही सौम्य केला नाही. मध्ये जयप्रकाशनी थांबवलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी त्याला मराठीत म्हणाले, डॅरेल, थांबू नकोस, पुढे वाच. मला कळायला हवं होतं की तुम्ही कुठपर्यंत जाता.

गाडीत तस्नीमने विचारलं, त्या गोष्टीतला बाप म्हणजे तुझे पप्पा का? मी हो म्हणाले. थोड्या वेळाने तिने विचारलं, मग त्या मुलीला अक्षर येत नाही, ती मी का? जुनैदने गाडी बाजूला घेतली. त्याला मराठी येतं, इंग्रजी येतं, सगळं समजलं होतं. तो बाहेर जाऊन उभा राहिला. तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच माहिती नाही, तेव्हा सांगते, त्या दिवशीही तो तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही.

तुम्हाला वाटत असेल की सगळं डॅरेलने केलं. त्याने खोटं लिहिलं, फोटो कापला, वाचून दाखवलं. ते मी त्याला तोंडावर सांगितलंय आणि आमच्या घराचं दार त्याला बंद आहे. पण त्याच्या हातातला कागद तुमचा होता. त्याने सांगितलेलं सगळं जरी खरं असतं, माझं नाव, माझं डोकं, माझ्या पोरीची प्रार्थना, तरी तो कागद एखाद्या बापाने लिहायचा नव्हता. तुम्ही चौकशीचं एक पत्र टाकू शकला असता. आता टाकलंत तसं.

मी येणार नाही. रागाने नाही, राग मार्चमध्येच संपला. तस्नीमला मी सांगितलंय की तुम्ही हुशार आहात आणि फार सुंदर लिहिता.

हाड लवकर भरून यावं.

मेलनी


गास
२४ जून २०१४

डॅरेल,

तीस तारखेला पोचतोयस, म्हणजे हे पत्र तुला मिळेल न मिळेल. तरी लिहितो, सवय आहे.

मेलनीचं पत्र आलं. टेबलावर ठेवलंय. तू आलास की वाच. मी त्याबद्दल तुला काही विचारणार नाही आणि तू काही सांगू नकोस.

येऊ नकोस असं लिहिणार होतो. मग न्हाणीघरात जायला आज सकाळी मला दोन बायकांना हाक मारावी लागली. त्यातली एक, म्हातारी वजीरा, मच्छीवाल्याची आई, आपल्या धर्माचीही नाही. माझी लुंगी तिने धुतली. तेव्हा ये. दुसरं कोणी येणार नाहीये.

लहानपणी तू बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायचास. रात्रीचं जेवण झालं की मी मेलनीच्या खोलीत तिचा अभ्यास घ्यायचो आणि तू उंबऱ्याशी येऊन उभा राहायचास. वही हातात असायची तुझ्या. मी मान वर करून पाहायचो आणि पुन्हा तिच्याकडे वळायचो. आत ये, असं एकदाही म्हटलं नाही. ते मला आठवतं, इतकी वर्षं आठवत होतं.

तिची खोली काल झाडून घेतली. गादी उन्हात घातली होती. तू तिथेच झोप.

मामा